आवक क्रमांक आहे, मजकूर नाही

अर्जदार : सुरत शहरात डिंडोलीच्या बाजूला, एका कचेरीच्या भिंतीलगत टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून देणारा इसम, म्हणजे मी स्वतः.

सामनेवाला : वीज, जी गेली, आणि एक जुना संगणक, ज्याने ती गेल्यावर आपल्याला नेमून दिले होते तेवढेच केले.

साक्षीदार : एक, संगणक दुरुस्त करणारा वऱ्हाडी गृहस्थ. दोन, गोडादऱ्यात राहणारी एक खानदेशी बाई व तिचा नवरा. तीन, परभणीकडचा एक लूम कामगार, जो आता सुरतेत नाही.

घटनेची वेळ : सोमवार, दुपार.

नावे गाळली आहेत. बिननावाचा अर्ज कोणतीही कचेरी घेत नाही, हे मला इतर कोणापेक्षा अधिक ठाऊक आहे. असे अर्ज मीच अनेकांना परत केले आहेत. परंतु ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांना याच शहरात पोट भरायचे आहे, आणि माझे स्वतःचे नाव घालावे एवढा उत्साह आता माझ्यात उरलेला नाही.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीला का बसलो नाही, हे येथे अप्रस्तुत आहे. वडील जळगाव जिल्ह्यातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले आणि लूमवरच थकले. मी लूमवर गेलो नाही, कारण माझे अक्षर चांगले होते. मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषांत मी अर्ज लिहितो, आणि तिन्ही भाषांत माझ्या वाक्याला कोणत्याही कारकुनाने आजवर खोट काढलेली नाही. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. पूर्वी मी ती चूक दुरुस्त करीत असे. पुढे दुरुस्त करण्याचाही कंटाळा आला.

या धंद्यात मी लोकांना एकच गोष्ट जन्मभर शिकवली : बारनिशीतून क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. बारनिशी म्हणजे कचेरीतला तो कोपरा, जिथे आलेल्या कागदाची नोंद होते, शिक्का बसतो आणि आवक क्रमांक मिळतो. क्रमांक मिळाला की अर्ज आहे. क्रमांक नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता, तुम्ही तिथे उभे राहिला नव्हता, तुमचे पाय दुखले नव्हते. मी हे इतक्या जणांना सांगितले आहे की, सांगताना माझे लक्ष दुसरीकडे असते.

संगणक मी एका बंद पडलेल्या लूमच्या खात्यातून घेतला. आमच्याकडे मागांच्या शेडला खाते म्हणतात. तिथे त्याच्यावर साडीची नक्षी भरीत असत. यंत्र जुने, पण टिकाऊ होते. त्याची एकच खोड होती. शेजारच्या गल्लीत लूम आहेत. दुपारी सगळे माग एकदम सुरू झाले की आमच्या बाजूचा फ्यूज उडतो. वीज परत आली की हे यंत्र कामाला लागत नसे. काळ्या पडद्यावर आकडे सरकत राहायचे. सगळी डिस्क ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळून बघायचे, आणि माझी गिऱ्हाइके बाकड्यावर बसून ते सरकणारे आकडे बघायची. एका म्हातारबांना वाटले, त्यांचाच अर्ज चालला आहे. ते हात जोडून बसले होते.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावले. हा अमरावतीकडचा. लूमवरची इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी बिघडली की सगळी खाती त्यालाच फोन करतात, आणि त्याला त्याचा गर्व आहे. एका रविवारी दुपारी, मागांची सुट्टी असताना, तो माझ्या टेबलाशी येऊन बसला, चहा मागवला आणि यंत्राच्या पोटात बराच वेळ बघत राहिला.

"सायेब, हे मशीन तुमचं नाई," तो म्हणाला. "हे लूमचंच हाय अजून. याचा कर्नल कोनीतरी लूमसाठी छाटून ठेवला. नक्षी भरा, माग चालवा, बास. जर्नलिंगची सोयच काढून टाकली."

"कर्नल म्हणजे काय ते सांगा. अर्धवट ऐकून मी होकार देत नाही."

"तुमी कचेरीत जाता, तं थेट मोठ्या सायबाले भेटता काय? मधात हेडक्लार्क राह्यते ना? तो कर्नल. इकडं तुमचं अक्षर, तिकडं डिस्क, अन् मधात हा बसते. याले इचारल्याशिवाय कागद हालत नाई."

"आणि जर्नलिंग?"

"डिस्कवर कायी बदलाच्या आंधी हा एका जागी लिहून ठेवते, का आता मी अमुक करून राह्यलो. मंग ते करते. मंग तिथचं खोडते. मधात लाइट गेली, तं परत आल्यावर पह्यले तेवढंच वाचते. अर्धं राह्यलं असन तं पुरं करते, नाई तं सोडून देते. सारी डिस्क चाळा लागत नाई."

"म्हणजे बारनिशी," मी म्हणालो.

"हाव!" त्याने मांडीवर थाप मारली. "बारनिशीच. काय बोलले सायेब!"

त्याला आनंद झाला; मला त्याहून अधिक झाला. आपल्या आयुष्यभराच्या कामाची एखादी पद्धत यंत्राच्या आतही आहे, हे कळल्यावर माणसाला जरा ताठ बसावेसे वाटते. मी ताठ बसलो.

मग त्याने कर्नल नव्याने बांधायला घेतला. पडद्यावर लांबलचक यादी आली. प्रत्येक ओळीला विचारणा : हे हवे की नको. तो विचारी आणि मी उत्तर देई, जसा मी गिऱ्हाइकाला विचारतो. रेडिओ हवा का? नको. कॅमेरा? नको. प्रत्येक विचारणेखाली इंग्रजीत बारीक अक्षरांत माहिती होती आणि पुष्कळ ठिकाणी शेवटी एकच सूचना होती. तिचा अर्थ त्याने सांगितला : खात्री नसेल तर नाही म्हणा. मी त्याला ती पुन्हा वाचायला लावली. कचेरीत ही सूचना कुठेही लिहिलेली नसते, तरी प्रत्येक टेबलावर ती पाळली जाते. इथे कोणीतरी ती प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती.

फाइल सिस्टीमच्या, म्हणजे डिस्कवर कागद ठेवण्याच्या पद्धतीच्या, रकान्यात त्याने जर्नलिंगवाली निवडली, पण पहिल्या खेपेला चुकला. ती त्याने कर्नलच्या आत न बांधता बाजूला, वेगळा सुटा भाग म्हणून ठेवली. बांधकाम चालले होते तोवर आम्ही दोनदा चहा घेतला. यंत्र चालू केले, तर ते उठेना. डिस्क सापडत नाही म्हणून अडून बसले. वऱ्हाडी गृहस्थाने कपाळावर हात मारला.

"घराले कुलूप लावलं अन् चावी घरातच ठेवली," तो म्हणाला. "डिस्क वाचाची अक्कल डिस्कवरच ठेवली मी. ते वाचन कसं?"

"तुमची ख्याती मोठी आहे," मी म्हणालो.

"बोला, बोला. चहा तुमचा हाय, बोलनंही तुमचंच."

दुसऱ्या खेपेला त्याने ती सोय कर्नलच्या आतच बांधली. डिस्कवरही नोंदीपुरती जागा राखून दिली. यंत्र उठले. त्याने समाधानाने हात झटकले आणि जाता जाता शेवटची गोष्ट विचारली.

"याच्यात तीन तऱ्हा हायेत, सायेब. एक, नोंदही लिहा अन् मजकूरही तिथंच लिहा. दुसरी, मजकूर आंधी जागेवर, मंग नोंद. तिसरी, नुसती नोंद. मजकूर आपल्या सवडीनं जाईन. डिस्क तुमची म्हातारी झाली. तिसरी ठेवू काय? हलकी पडते."

"नोंद होते ना?"

"नोंद तं होतेच."

"मग ठेवा. नोंद असली की बाकीचे मी पाहून घेतो."

त्याने मान डोलावली. जाताना युपीएसची बॅटरी फुगली आहे, बदलून घ्या, असेही म्हणाला. ते मी ऐकले आणि विसरलो. पुढे खरोखर आराम पडला. वीज जायची, यायची, आणि यंत्र घोटभर चहा पिण्याच्या आत उभे राहायचे. मी गिऱ्हाइकांना सांगत असे की, आता आपल्या यंत्रात बारनिशी बसवली आहे. ते मान डोलवत.

त्यानंतर गोडादऱ्याची बाई आली.

ती खानदेशातली, माझ्याच मुलखाकडची. घरी बॉबिन भरण्याचे काम करणारी. तिच्या नवऱ्याचा उजवा हात मागात गेला होता. बोटे राहिली नव्हती. तो तिच्यामागे उभा होता आणि हात पंच्याच्या घडीत गुंडाळून पोटाशी धरला होता, जणू कोणाचे तरी ठेवायला दिलेले सामान. खात्याच्या मालकाचे म्हणणे असे की, त्या दिवशी त्याची सुट्टी होती, हजेरीला त्याची खूण नाही, तो मित्राला भेटायला आत आला आणि नको तिथे हात घातला. म्हणजे तो कामावर नव्हता. म्हणजे तो तिथे नव्हताच.

"त्यास्ले मास्टरनी बलायं व्हतं, भाऊ," बाई म्हणाली. "सुट्टी व्हती तरी गयात. आते मास्टर म्हणस, मी बलायंच नही."

मास्टर म्हणजे खात्यातला देखरेख करणारा. घरी मीही अहिराणीच बोलतो, पण टेबलावर बोलत नाही. टेबलावर माणसाने टेबलासारखे बोलावे, असे माझे मत आहे.

"आपली मागणी काय आहे, ते स्पष्ट सांगा," मी नवऱ्याला विचारले.

त्याने पहिल्यांदाच तोंड उघडले. "मी कामवर व्हतू, एवढं लिखा. दुसरं काही नको. लोके म्हणतंस, रिकामा फिरे, मस्ती करे. मना बापनी भी इचारं मले, तू तठे काय करे?"

एवढेच त्याचे म्हणणे होते. आणि त्या म्हणण्याला जगात एकच आधार होता. शेजारच्या मागावर काम करणारा, परभणीकडचा एक कामगार. त्याने सगळे पाहिले होते. तो सुरत सोडून कायमचा गावी चालला होता. सोमवारच्या संध्याकाळची त्याची गाडी होती. बाईने त्याच्या पाया पडून त्याला रविवारी माझ्याकडे आणले.

जबाब घेण्याची माझी पद्धत आहे. माणूस बोलतो तसा मी टंकतो. मग त्याची भाषा बांधतो. मग त्याला ते वाचून दाखवतो, आणि त्याने हो म्हटल्यावरच सही घेतो. न ऐकलेल्या कागदावर मी आजवर कोणाचा अंगठाही घेतलेला नाही. जबाब मराठीत राहतो आणि त्याला गुजराती भाषांतर जोडतो.

तो कामगार बाकड्याच्या टोकाला बसला. प्रथम घुटमळला. मग बोलू लागला, आणि बोलू लागल्यावर थांबेना.

"म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं, साहेब. ह्याची सुट्टी व्हती. ह्यो गेटावर चहा पीत व्हता, म्या बी तिथंच व्हतो. मास्टरनं वरून हाक मारली, ये रे, दोन माग बंद हायेत, पाळीवाला आला न्हाई. ह्यो म्हणला, आज न्हाई जमत. मास्टर म्हणला, ये की रे, लई भाव खातो का. मंग ह्यानं चपला काढल्या अन् आत गेला."

"चपला कशाला?"

"आमच्या खात्यात कारागीर चपला दारातच काढतेत. खाली तेल सांडलेलं ऱ्हातं, चप्पल सटकती. बाहेरचा माणूस, व्यापारी, पाहुणा, तो जोड्यासकट येतो. त्याला कोण काय म्हणतंय? काढतेत ते कामवाले."

मी टंकत होतो. 'ये रे' हे दोन शब्दही टंकले. मग त्याला म्हणालो, भाषा बांधून ठेवतो, उद्या दुपारी येऊन सही करा. त्याने त्याच वेळी विचारले होते, "आत्ताच करू का साहेब? हायेच तर इथं." मी म्हणालो, असा कच्चा कागद माझ्या टेबलावरून जात नाही.

सोमवारी सकाळपासून मी भाषा बांधली. 'मास्टरने हाक मारली' याचे 'सदर देखरेख करणाऱ्याने तोंडी आदेश देऊन पाचारण केले' असे केले. 'ये रे' काढून टाकले. वाक्ये एकमेकांत नीट अडकवली. दुपारी मजकूर पुरा झाला. मी तो जुन्याच नावाने, कालच्या कच्च्या मजकुरावरच, साठवला आणि छापण्यासाठी कागद सारखे करू लागलो. इतक्यात शेजारच्या गल्लीतले माग सुरू झाले आणि आमचा फ्यूज उडाला.

मी घाबरलो नाही. बाकड्यावर बाई आणि तिचा नवरा बसलेले होते. त्यांना म्हणालो, काळजी करू नका. लाइनवाल्याने फ्यूज घातला. यंत्र झटकन उठले. आकडे सरकले नाहीत, डिस्क चाळली गेली नाही. फाइल जागेवर होती. नाव बरोबर, वार बरोबर, वेळ बरोबर. मी ती उघडली.

आत काही नव्हते.

कोरा पांढरा पडदा आणि वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारी उभी रेघ. मी ती बंद केली आणि पुन्हा उघडली. असे किती वेळा केले, ते मला सांगता येणार नाही. दुसरी प्रत नव्हती. प्रत मी मजकूर पक्का झाल्यावर काढतो, आणि मजकूर तर आत्ताच पक्का झाला होता.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो जवळच्याच खात्यात होता, धावत आला. पडद्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला, पण तोंड बंद राहिले नाही.

"काऊन सायेब, बॅटरी बदला मनलं होतं ना मी?"

"बॅटरीचे नंतर बोला. जर्नलिंग आहे ना? मग मजकूर कुठे आहे?"

"नोंद हाय ना. पाहा, नाव हाय, टाइम हाय. फाइल हाय मनते तो. जुना मजकूर काढला, त्याची नोंद केली. नवा मजकूर डिस्कवर जाचाच होता, सवडीनं. सवड भेटली नाई."

"म्हणजे नोंद झाली आणि कागद गेला."

"त्यानं नोंदीचंच काम घेतलं होतं, सायेब. मजकूर सांभाळतो असं तो मनलाच नोता. तिसरी तऱ्हा ठेवली ना आपन."

मी खुर्चीत मागे टेकलो. खरे सांगायचे तर मला त्या यंत्राचा राग आला नाही. मी एवढी वर्षे ज्या खिडक्यांसमोर उभा राहिलो, तिथे हेच ऐकले होते. क्रमांक दाखवला की बाबू वही उघडतो, बोट फिरवतो, आणि म्हणतो, हो, नोंद आहे. मग कपाट उघडतो, आणि कपाटात कागद नसतो. नोंद असते, कागद नसतो, आणि तरी त्याच्या दृष्टीने काही चुकलेले नसते. हे सुरतेत मला कोणी शिकवायला नको होते. बारनिशी मजकूर सांभाळत नाही, हे माझ्याइतके कोणाला कळणार? तरीही 'बारनिशी' म्हटल्याबरोबर मी ताठ बसलो होतो आणि पुढे काही विचारले नव्हते.

बाई उठून टेबलाजवळ आली. "कागद तयार शे का, भाऊ?"

टेबलावरची माझी भाषा त्या वेळी मला सापडली नाही. "लिखेल समदं ग्यं, ताई," मी म्हणालो.

तिने नवऱ्याकडे पाहिले. तो पंच्याची घडी सारखी करीत होता.

त्या कामगाराची गाडी संध्याकाळची होती. तो टेबलाशी येईपर्यंत थांबणे मला जमले नाही. कोरे कागद आणि पेन घेऊन आम्ही तिघे रिक्षाने गोडादऱ्याला त्याच्या खोलीवर गेलो. खोलीत पाच-सहा जणांची पथारी होती. तो पिशवीची चेन ओढीत होता, ती बसत नव्हती. त्याचा धाकटा भाऊ स्टोव्हजवळ उभा होता. भावाला नुकतेच त्याच खात्यात, त्याच मास्टरच्या हाताखाली, मोठ्याच्या जागी लावले होते. हे मला खोलीत शिरल्यावर कळले, आणि कळल्याबरोबर पुढचेही कळले.

मी झाला प्रकार सांगितला. म्हणालो, कालचे पुन्हा सांगा, मी हाताने लिहितो, वाचून दाखवतो, लगेच सही करा.

तो पिशवीवर बसला.

"तुमाला याद हाय न्हवं, साहेब?" त्याने विचारले.

"आहे."

"मंग तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

"माझी आठवण पुरावा होत नाही. तुमच्या तोंडून आले पाहिजे."

"वकीलसाहेब," धाकटा भाऊ म्हणाला, "तुमची मशीन इसरली, तर दंड माझ्या दादाला का? दादा निघाला गावाला. मला उद्या त्याच दारातून आत जायचंय."

"तू गप रे," मोठा म्हणाला. पण त्याच्याकडे न बघता म्हणाला.

बाई खाली बसली. "तुम्ही काल सांगेल व्हतं, दादा. मन्हा समोर सांगेल व्हतं."

"सांगितलं व्हतं, ताई. खोटं न्हाई बोलत." त्याने दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. "एकदा आलं तोंडातून. काल साहेबांनी सही मागितली असती, केली असती. रात्रभर इचार केला, तरी आज येऊन केली असती, लिहिलेलंच व्हतं ना. पण आता पहिल्यापासून बोलायचं म्हणलं तर न्हाई निघत."

मी सुरतेत अनेक माणसे नाही म्हणताना पाहिली आहेत. बहुतेक जण खात्री नसते म्हणून नाही म्हणतात. याला पूर्ण खात्री होती.

मी कागद गुडघ्यावर ठेवला आणि म्हणालो, "जेवढे निघते तेवढे सांगा."

त्याने सांगितले. हा माणूस त्या दिवशी खात्यात होता. दोन माग बंद होते, ते त्याने सुरू केले. दुसऱ्या मागावर त्याचा हात गेला. हाकेचे काही नाही. मास्टरचे नाव नाही. मी लिहीत गेलो. भाषा बांधली नाही. तो बोलला तसे लिहिले. कागद संपत आला, तेव्हा तो धाकट्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अन् लिहा, ह्याच्या चपला दारात व्हत्या. दवाखान्यात नेलं तवा तशाच व्हत्या. म्याच नंतर घरी नेऊन दिल्या."

"दादा," भाऊ म्हणाला.

"चपलेचं काय हाय त्यात? चपला तर सगळ्यांनी पाह्यल्या."

मी वाचून दाखवले. त्याने सही केली. सही करताना पेन एकदा थांबले, पण त्याने ती पुरी केली. नवऱ्याने खाली वाकून, डाव्या हाताने, त्याची पिशवी उचलून दाराशी ठेवली. चेन तशीच उघडी होती.

नवऱ्याच्या नावाने अर्ज मी कचेरीत दाखल केला. त्या एका ओळीवर मी सबंध अर्ज उभा केला आहे : या खात्यात कारागीर दारात चपला काढतो, पाहुणा काढत नाही, अर्जदाराच्या चपला दारात होत्या, सबब अर्जदार पाहुणा नव्हता. आजवर लिहिलेल्या अर्जांत याहून कमी आधारावर मी काही लिहिलेले नाही, आणि एवढे काळजीपूर्वकही काही लिहिलेले नाही. पण त्यात हाक नाही. 'ये रे' नाही. 'लई भाव खातो का' नाही. ते शब्द मला रोज ऐकू येतात आणि मला ते कुठेही दाखल करता येत नाहीत.

दुरुस्तीवाल्याने बॅटरी बदलून दिली आणि आता पहिली तऱ्हा ठेवली आहे : नोंदही लिहायची, मजकूरही लिहायचा, मग जागेवर न्यायचा. यंत्र फार संथ झाले आहे. साठवा म्हटले की दिवा लुकलुकत राहतो. गिऱ्हाइके विचारतात, बंद पडले का? मी सांगतो, लिहिते आहे. तो म्हणाला, "ही पन काई पक्की हमी नाई, सायेब. ऐन टायमाले गेली तं गेली." मी म्हणालो, ठाऊक आहे. आणि जबाबाची सही मी आता माणूस बाकड्यावर असतानाच घेतो, भाषा कच्ची असली तरी.

बाई मधूनमधून येते. बाकड्यावर बसते, विचारते, "काही उत्तर उनं का, भाऊ?" मी क्रमांकाची चिठ्ठी पुन्हा बघतो, जरी तो मला पाठ आहे. खिडकीवर जाऊन विचारतो. नोंद आहे, असे उत्तर मिळते. नवरा तिच्याबरोबर येत नाही. त्याने विचारले आहे, एवढेच ती सांगते.

सबब, ज्या टेबलावर त्या बाईच्या नवऱ्याचा अर्ज सध्या असेल, त्या टेबलावरील मेहेरबानांस नम्र विनंती की, आवक क्रमांक वहीत आहे एवढ्यावरून अर्ज सुरक्षित आहे, असे कृपया धरू नये. तो उघडावा. जबाबाच्या शेवटी चपलांचा उल्लेख आहे, तो वाचावा. वाचूनही खात्री होत नसेल तर नाही म्हणू नये. अर्जदारास बोलवावे, तो येईल. दारात चपला काढून आत येईल. आणि तो त्या दिवशी कामावर होता किंवा नव्हता, यांपैकी जे काही ठरेल, ते त्याच्या गोडादऱ्याच्या पत्त्यावर, मराठीत किंवा गुजरातीत, लेखी कळवावे. त्याच्या वडिलांना ते वाचून दाखवण्याचे काम मी स्वतः करीन.

कळावे, ही विनंती.